पहिली चक्कर

उस्ताद, आज रविवार, दुकान बंद ठेवलंय आणि तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता येत नव्हती. नव्या ट्यूबच्या डब्यावरचं सुद्धा तुम्ही गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायचात. त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही याची मला दुहेरी खात्री आहे, आणि म्हणूनच लिहायची हिंमत होतेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच्या सहा वर्षं आधी दिग्रसच्या त्या उतारावर तुमचा उजवा हात मोडला. तो कसा मोडला हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. लोक विचारायचे, त्यांना मी वीस वर्षं एकच सांगत आलो, की गिअरच खराब निघाला. गिअर खराब नव्हता. तो मी निवडला होता, आणि चांगला निवडला होता. ही गोष्ट कोणाला तरी सांगून टाकायची आहे, आणि ज्याला सांगायला हवी तो माणूस तुम्हीच आहात.

सुरुवात पोरीपासून करतो, तिच्यामुळेच हे वर आलं. तुम्ही तिला पाहिलंय. खोक्यावर बसवून डाव्या हातानं चहात बुडवलेला टोस खाऊ घालायचात, तीच ती. आता एकवीस वर्षांची आहे, इथं महागावात माझ्या बरोबरीनं दुकान चालवते, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. जिल्ह्याच्या शर्यतीत उतरायचं म्हणून तिनं यवतमाळहून एक जुनी माउंटन बाइक आणली, डोंगरातून चालवायची. सांगाडा धडधाकट, पण गिअर पार गेलेला. हँडलवरचे दोन्ही शिफ्टर तुटलेले, आणि मागच्या चाकाशी लोंबतं ते डिरेलर, साखळीला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारं, ते वाकून स्पोकला घासत होतं. नवं सामान कोणतं घ्यायचं यावरून आमच्या घरात आठ दिवस महाभारत चाललं. तिचं म्हणणं, पुढच्या तीन चक्र्या काढून एकच ठेवायची, मागे नऊ लावायच्या, आणि बोटानं दाबला की टिक असा आवाज करून बरोबर एकच घर सरकणारा शिफ्टर घ्यायचा. माझं म्हणणं, आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात त्या नऊ चक्र्यांच्या फटीत अशी बसते की कोरून काढावी लागते; सातच बऱ्या, आणि शिफ्टर बिनटिकटिकीचा, अंगठ्यानं रेटायचा आणि घर आपलं आपण शोधायचं. बिघडला तर रस्त्याच्या कडेला दगडानं ठोकून चालू करता येतो.

मग तिनं मला फोनवर मोजमापं दाखवली. एका टिकेला शिफ्टर वायर किती ओढतो आणि तेवढ्यात डिरेलर किती सरकतं हे एकमेकांशी जुळावं लागतं, म्हणून दोन्ही एकाच जातीची, एकाच आकड्याची हवीत. एक इकडचं आणि एक तिकडचं घेऊन भागत नाही. ती बरोबर होती. मी मान्य करत नव्हतो. मंगळवारी दोन गिऱ्हाइकं उभी असताना ती हसत म्हणाली, "बा, तुले समजत नाई तं गप्प बस ना." माझ्या हातात हवेच्या पंपाची नळी होती. मी ती तिच्या उजव्या हाताच्या पेरांवर ओढली, पितळी तोंडाची बाजू. गिऱ्हाइकं रस्त्याकडे पाहायला लागली. ती हात काखेत दाबून आत गेली. त्याच दुपारी मी नागपूरला फोन करून तिनं सांगितलेलंच सामान मागवलं. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

ती नळी ओढायची पद्धत तुमची. शेवटी मनगट झटकायचं, म्हणजे तोंड वळून बसतं. मी ती माझ्या पाठीवर शिकलो. दिग्रसची कापसातली सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा बाप्या होतो, तांड्यावर बायको पोटुशी होती. जिनमध्ये मी फिटर, मशीनशी माझं जमायचं. पण त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. कापसानं भरलेल्या बैलबंड्या बाजारात आठ-आठ दिवस उभ्या, सरकारी खरेदी आज सुरू तर उद्या बंद, आणि एक दिवस मालकानं गेटला कुलूप घातलं. मी उतार चढून तुमच्या दुकानात आलो आणि काम मागितलं. तुम्ही चाकावरून मान न उचलता म्हणालात, "मी मारतो. चालते का तुले?" मला वाटलं, बोलायची रीत असेल. चालते म्हटलं.

चौथ्याच दिवशी माझ्या हातून फ्रीव्हीलचे छर्रे मातीत सांडले, तेव्हा तुम्ही माझी मान धरून तोंड मातीला टेकवलं आणि एकेक छर्रा ओठांनी उचलायला लावला. रिम वाकडी बसली म्हणून पान्यानं घोट्यावर. उलट बोललो म्हणून चेननं, दोनदा. चेनचे काळे ग्रीसचे पट्टे पाठीवर उठायचे, बायको ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची आणि विचारायची, जाता कायले मग तिथं. मी जायचो, कारण तुमच्यासारखं चाक अख्ख्या तालुक्यात कोणी बांधत नव्हतं. आणि दुकानामागच्या खोलीत तुम्ही चाचींना मारायला जायचात तेव्हा आधी बाहेरचा रेडिओ मोठा करायचात. रेडिओ मोठा झाला की मी आणि गिऱ्हाईक, दोघंही मान खाली घालून एकेक चाक उगाच फिरवत बसायचो. आम्हाला गाणं कोणतं लागलंय ते ऐकू यायचं नाही.

एक नियम मात्र तुमचा सरळ होता. ज्यानं सायकलला हात लावला त्यानंच तिची पहिली चक्कर मारायची, दुकानापासून जिनिंगच्या भिंतीपर्यंतच्या उतारावरून, पूर्ण वेगात. त्याशिवाय सायकल गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. पडायचं असेल तर मिस्त्री पडेल, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या सगळ्या मारातून मला पटलेली ही एकच गोष्ट. मी अजून पाळतो, पोरगीही पाळते.

गिअरच्या सायकली तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. कोणी जावयाला दिलेली, कोणी शहरातून आणलेली. गिअर बिघडला की ती तुमच्याकडे यायची, आणि तुमच्याकडे औषध एकच, सिंगल कर. शिफ्टर तोडून टाकायचात, डिरेलर सोलून काढायचात, साखळी आखूड करून साधी चक्री बसवायचात. काढलेली सगळी यंत्रं दुकानाच्या आड्याला तारेत ओवून टांगलेली असायची. तुम्ही तिला मुंडक्यांची माळ म्हणायचात. त्या माळेखाली बसून मी भाकर खायचो आणि वर पाहत राहायचो. जिनमध्ये काम केलेल्या माणसाला कळत होतं की यातलं निम्मं सामान चांगलं आहे, फक्त ते तुम्हाला बसवता येत नाही. तुम्हालाही ते कळत होतं, आणि म्हणून गिअरची सायकल दारात आली की त्या दिवशी माझी पाठ जास्त शेकायची.

मग तो रस्ता रोकोचा दिवस. खरेदी पुन्हा बंद झाली आणि बाजारातली माणसं बंड्या सोडून रस्त्यावर आली. रस्त्यावर जाळायला टायर लागतात, आणि टायरसाठी लोक सायकलवाल्याकडे येतात. तुमचे जुने टायर दुकानाच्या बाजूला रचलेले होते. पंधरा-वीस जण आले आणि न विचारता उचलायला लागले. मागितले असते तर दिले असते, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या वेळी काही बोलला नाहीत, पहिल्याच्या तोंडावर पंप घातलात. त्याचा ओठ फाटून दात दिसला. मग त्यांनी तुम्हाला खाली घेतलं. मी पाना घेऊन मध्ये घुसलो आणि एकाच्या बरगडीत हाणला. हाडावर बसलेला माझ्या मनगटात कळला. खरं सांगतो, मला मजा आली. उस्तादाला वाचवत होतो ही गोष्ट मागाहून रचलेली. टायर गेलेच. धूर झाला, पोलीस आले, लाठ्या सुरू झाल्या, माणसं एकमेकांच्या अंगावरून पळाली, आणि त्या गोंधळात एक बैलजोडी कापसाच्या बंडीसकट उधळून आपल्या दारावरून गेली. दारात एका गुरुजींची गिअरची सायकल पंक्चरसाठी लावलेली होती. बंडीचं चाक तिच्या मागच्या बाजूवरून गेलं. रस्त्यावर कापूस सांडला होता, त्यावर टायरची काजळी आणि कोणाकोणाचं रक्त.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. ते घाटावरच्या तांड्याच्या शाळेत शिकवायला जात. मागचं चाक बदलून तुम्ही सायकल सिंगल करून देतो म्हणालात. गुरुजी काकुळतीला आले. हलका गिअर नसेल तर घाट पायी चढावा लागेल, सायकल अंगावर घेऊन. मी मध्येच बोललो, की मी बसवतो. गिऱ्हाइकादेखत तोंड उघडलं म्हणून कानाखाली बसली, आणि अर्धा दिवस त्या कानात भुंगा फिरत होता. पण आदल्या दिवशी मी तुमच्यासाठी पाना उचलला होता, म्हणूनच असेल, तुम्ही आड्याकडे बोट केलंत. "घेय निवडून. पण पयली चक्कर तुयीच."

तीन दिवस मी ती माळ चाळली. आयुष्यात एवढं मन लावून मी लग्नाची मुलगीही पाहिली नव्हती. एका डिरेलरचा हात आखूड, रेसर सायकलचं. मागच्या मोठ्या चक्रीवर साखळी गेली असती तर ताणून तुटली असती. एकाची चौकट वाकलेली. एकाची स्प्रिंग मेलेली. चौथं लांब हाताचं, ठणठणीत, फक्त ते सात चक्र्यांच्या सायकलवरून काढलेलं आणि गुरुजींच्या सायकलला सहाच. शिफ्टरचंही तसंच. टिकटिकीचे दोन होते, पण त्यांच्या टिका या डिरेलरशी जुळेनात, साखळी दोन चक्र्यांच्या मध्ये लटपटत राहायची. शेवटी एका जुन्या रेसरचा बिनटिकटिकीचा दांडा घेतला. टिकाच नाहीत म्हणजे जुळायची भानगड नाही. अंगठ्यानं रेटायचं आणि साखळीच्या आवाजावरून घर ओळखायचं. पोरीला मी आठ दिवस तोच घे म्हणून का भांडत होतो, हे तुम्ही ओळखलं असेल.

पण अशा दांड्याला मध्ये कुठं अडवणारं काही नसतं. अडवायचं काम डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू करतात. एक त्याला बाहेर जास्त जाऊ देत नाही, दुसरा आत, स्पोककडे. आतला ढिला असेल तर दांडा जोरात रेटल्याबरोबर डिरेलर फिरत्या स्पोकमध्ये शिरतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. मी निवडलेलं डिरेलर सात चक्र्यांचं होतं, त्यामुळे त्याचा आतला स्क्रू आपल्या सायकलसाठी ढिलाच होता. हे मला माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेरचा बसवला आणि आतल्याला पेचकस लावणार, तेवढ्यात तुमची हाक आली. पंक्चरचं गिऱ्हाईक ताटकळलं होतं. मी म्हटलं, आलो, दोन मिनिटं. तुम्ही उठून आलात, माझा उजवा हात चाकाच्या रिमवर दाबून धरलात आणि पान्यानं पेरांवर मारलंत. एकदा. मग मी हात काढत नाही हे पाहून पुन्हा एकदा.

दुपारी गुरुजी सायकल न्यायला आले तेव्हा माझी बोटं वांग्यासारखी झाली होती. ब्रेक दाबला जात नव्हता, आणि बिनब्रेकची चक्कर तुम्ही मारू दिली नसतीत. तुम्ही गुरुजींना माझा हात उचलून दाखवलात. "याच्या हाताले आज म्यां मेंदी लावली," म्हणालात आणि हसलात. गुरुजीही हसले, भ्यालेली माणसं हसतात तसे. मग तुम्हीच सायकलवर टांग मारलीत. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. उस्ताद, थांबा, आतला इस्क्रू राह्यला. एवढंच म्हणायचं होतं, त्याला ना जोर लागत होता ना हिंमत. मी तोंड उघडलंही होतं. मेंदी या शब्दापाशी मी ते मिटलं. मी विसरलो नाही, घाबरलो नाही, माझा गोंधळ उडाला नाही. हे मी इतकं स्पष्ट लिहितोय, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला यातलं एकेक कारण देऊन पाहिलंय.

तुम्ही उताराला लागता. सदऱ्यात वारा भरून तुमची पाठ फुगलीय. एक हात सोडून तुम्ही मागे गुरुजींना काहीतरी खूण करता. जिनिंगच्या भिंतीपाशी तुम्ही दांड्यावर अंगठा ठेवता आणि रेटता, जोरात, हे असलं नाजूक सामान कसं वापरायचं ते दाखवल्यासारखं. आधी चक्र्यांची खडखड येते, मग जिनमध्ये पट्टा तुटायचा तसा एक आवाज. मागचं चाक थांबतं, सायकल आडवी फिरते आणि तुम्ही तिच्यावरून पुढं जाता. उजवा हात पुढं टाकता. तो कोपराखाली दुमडतो, आणि पांढरं ओलं हाड कातडी फाडून बाहेर येतं. तोंड डांबरावर घासत जातं. नंतर तुमचे दोन दात मला भिंतीपाशी सापडले. सगळे धावतात. मी सगळ्यांत शेवटी जातो, चालत. माझ्या पोटात काहीतरी गार पसरत जातं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. मी वाकून आधी सायकल पाहतो. तीन स्पोक तुटलेत, डिरेलर त्यात पिळून बसलंय, आणि आतला स्क्रू जिथल्या तिथं आहे, ढिला. मग मी तुमच्याकडे पाहतो. तुम्ही माझ्याकडेच पाहत असता.

सरकारी दवाखान्यात हाड बसवलं ते वाकडं बसलं. बोटं पुन्हा मिटली नाहीत. मी खाटेशी उभा राहून म्हटलं, गिअरच हरामी निघाला, उस्ताद. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून दुकानातला रेडिओ एकाच आवाजात लागू लागला. एकदा मी मागच्या खोलीत पान्यांची पेटी ठेवायला गेलो, तर चाची तुम्हाला भात भरवत होत्या. प्रत्येक घास त्या तुमच्या तोंडासमोर धरून ठेवायच्या, तुम्ही आ करून थांबेपर्यंत, आणि त्यानंतरही जरा वेळ. मला पाहून त्यांनी हात मागे घेतला नाही. त्या ईदला त्यांनी माझी वाटी शीरखुर्म्यानं दोनदा भरली आणि मी संपवीपर्यंत समोर बसून राहिल्या. मला तो गोड लागला, हेही लिहून ठेवतो.

मारता येईना म्हणून तुम्हाला शिकवावं लागलं. खोक्यावर बसून तुम्ही तोंडानं सांगायचात आणि मी हातानं करायचो. शिव्या होत्याच, पण शिवीचा वळ उठत नाही. डोळे मिटून, फिरत्या चाकाच्या नुसत्या आवाजावरून तुम्ही सांगायचात की कितवा स्पोक ढिला आहे, आणि तो तोच निघायचा. गिअरची सायकल आली की सिंगल कर म्हणेनासे झालात. मला वर बोट दाखवायचात. मी माळेतून निवडायचो, तुम्ही माझी निवड खोडून काढायचात, मी दुसरं काढायचो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत ती माळ जवळजवळ रिकामी झाली. जे काही मी आज आहे, महागावचा गिअरवाला म्हणून लोक दहा गावांतून येतात, ते सगळं त्या मोडक्या हातातून आलं. हात धड असता तर मी तुमचा मार खात पंक्चरच काढत राहिलो असतो, किंवा एक दिवस तुमचं डोकं फोडून तुरुंगात गेलो असतो. म्हणून मला पस्तावा नीट होतही नाही. होतो आणि मध्येच अडकतो.

महागावला स्वतःचं दुकान टाकायला निघालो त्या दिवशी तुम्ही फडक्यात गुंडाळून एक पेचकस दिलात. जुन्या सायकलच्या ब्रेकच्या सळईचा तुकडा, टोक ठोकून चपटं केलेलं, मूठ बाभळीची. डाव्या हातानं केलेला, कानशीच्या रेघा वेड्यावाकड्या. किती दिवस लागले असतील कोण जाणे. आता जाय, एवढंच म्हणालात. महागावला आल्यावर मी तो साध्या सायकलच्या एकेका स्क्रूला लावून पाहिला. टोक इतकं बारीक की एकालाही बसेना. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. मग महिन्याभरानं गिअरची पहिली सायकल आली. मी तो डिरेलरच्या आतल्या स्क्रूला लावला आणि तो असा बसला की हात सोडला तरी पडेना. तुम्हाला ठाऊक होतं. उतारावर माझ्याकडे पाहिलंत तेव्हापासून ठाऊक होतं की मागाहून कधी कळलं, ते विचारायला मी दिग्रसला यायला हवं होतं. सव्वा तासाची एसटी. मी आलो नाही, आणि थंडीत तुम्ही गेल्याचा निरोप आला. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली, उजव्या हातानं, आणि तिथंही काही बोललो नाही.

आता आजचं. नागपूरचं सामान शुक्रवारी आलं. पोरीनं डावा हात आणि उजव्याची दोन बोटं यांवर काम चालवून नवा शिफ्टर आणि डिरेलर बसवलं, माझ्याकडे एक पाना मागितला नाही. आज सकाळी ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी खाली बसून पाहिलं. बाहेरचा स्क्रू बसवलेला, आतला ढिला. तिची बोटं अजून वळत नाहीत, त्या बारीक स्क्रूपाशी ती थांबली असणार. मी तुमचा पेचकस काढला, स्क्रू बसवला, पेचकस परत जागेवर ठेवला, आणि तिला सांगितलं नाही. चहा झाल्यावर म्हटलं, तुझ्या हातानं ब्रेक धरला जाणार नाही, पहिली चक्कर मी मारतो. मला पाहायचं होतं ती काय करते. वीस वर्षं मी स्वतःला समजावत आलोय की माझ्या जागी कोणीही असता, एवढा मार खाल्लेला कोणीही, तरी त्यानं तेच केलं असतं. आज मला साक्षीदार मिळणार होता, माझ्याच रक्ताचा.

सायकल तलावाच्या उताराकडे तोंड करून उभी केली. मी टांग मारली, एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, आणि मुद्दाम चष्मा काढून पुसला. ती दारात उभी होती, सुजलेला हात छातीशी धरून. बोलली नाही. चष्मा घातला, ब्रेक दोनदा दाबून पाहिले, तरी बोलली नाही. मी मनात म्हटलं, निघाली बापाच्याच वळणावर. उस्ताद, मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी जमिनीवरचा पाय उचलला.

"बा, थांब," ती म्हणाली. "आतला इस्क्रू राह्यला."

तिनं आतून तुमचा पेचकस आणला, खाली बसली, डाव्या हातानं स्क्रूला लावला. फिरेना. पुन्हा लावून पाहिला. तो बसवलेला आहे हे तिला कळलं, आणि मग बाकीचंही कळलं असावं, कारण ती उठली नाही, तिथूनच वर माझ्याकडे पाहत राहिली. तू पाहिला होतास, म्हणाली. मी हो म्हटलं. "मंग असा बसला कायले?" तिनं मला उतर म्हटलं, पेचकस स्वतःच्या खिशात टाकला, आणि उजव्याच्या दोन बोटांनी ब्रेक धरून उताराला लागली. मी ऐकत उभा राहिलो. एकेक टिक, एकेक घर, नऊच्या नऊ, साखळी कुठं घसरली नाही. तिची निवड माझ्यापेक्षा चांगली होती. ती तशीच पुढं लांब निघून गेली; आत्ता हे लिहीत असताना परत आली, सायकल भिंतीला लावून माझ्यासमोरून आत गेली, स्वयंपाकघरात आईशी बोलतेय. हा कागद मी तिला वाचायला द्यावा असं लिहायला बसल्यापासून मनात येतंय. देणार नाही. दुकानातल्या सामानाच्या कॅटलॉगमध्ये घालून ठेवीन, आणि नवा कॅटलॉग आला की जुन्याबरोबर रद्दीत जाईल.

एक मात्र वर नीट लिहिलं नाही. ती थांब म्हणाली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. राग आला. मला जे जमलं नाही ते तिला सुजल्या हातानं जमलं याचा राग. हँडल सोडून माझा उजवा हात वर निघाला होता. तिनं तो पाहिला, एक पाऊल मागे सरली, आणि मग पुढं येऊन माझ्या त्याच हाताखाली स्क्रू तपासायला बसली.